इंटससेप्शन : बालकांमधील आंत्रावरोधाचे स्वरूप, निदान व उपचार (गेवराई तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

ग्रामीण भागातील बालआरोग्याचा विचार करताना कुपोषण, हगवण, न्यूमोनिया आणि साथीचे आजार यांची चर्चा प्राधान्याने होते व ती योग्यच आहे. मात्र काही आजार प्रमाणाने विरळ असल्यामुळे चर्चेच्या बाहेर राहतात, आणि ज्या घरात ते उद्भवतात तेथे अवघ्या एक-दोन दिवसांत जीवनमरणाचा प्रश्न उभा करतात. आतड्याचा एक भाग लगतच्या भागात शिरून अडकणे हा अशा आजारांपैकी एक होय. वैद्यकीय व्यवहारात त्यास ‘इंटससेप्शन’ असे म्हणतात. एक वर्षाच्या आतील बालकांमध्ये आतड्याचा मार्ग अचानक बंद पडण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

या आजाराचे वैशिष्ट्य असे की, तो वेळेवर ओळखला गेल्यास बहुसंख्य बालके पोटावर कोणतीही शस्त्रक्रिया न करता बरी होतात. उशीर झाल्यास आतड्याचा काही भाग कापून काढावा लागतो आणि त्याहून उशीर झाल्यास बालक दगावते. आजार तोच व बालकही तेच. फरक पडतो तो केवळ मध्ये गेलेल्या तासांचा. हे तास कोठे खर्च होतात, याचा विचार केल्याशिवाय या आजाराचे आकलन पूर्ण होत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात इंटससेप्शनचे स्वरूप, निदान व उपचार यांचे विवेचन करून गेवराईसारख्या तालुक्याच्या संदर्भात त्याचा विचार करण्यात आला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) इंटससेप्शन या आजाराचे स्वरूप व कारणे स्पष्ट करणे.
२) लक्षणे ओळखताना होणारी गल्लत निदर्शनास आणणे व निदान-उपचारांच्या पद्धतींचा परिचय करून देणे.
३) रोटाव्हायरस लस व इंटससेप्शन यांच्या संबंधाविषयीची वस्तुस्थिती मांडणे.
४) स्थलांतरित ऊसतोड कुटुंबांच्या संदर्भात उपचारातील विलंबाचा विचार करणे.

संकल्पना :

सदरा घाईने काढताना त्याची बाही जशी स्वतःमध्येच गुंडाळली जाते किंवा जुन्या दुर्बिणीची एक नळी जशी दुसऱ्या नळीत सरकते, तशीच काहीशी क्रिया या आजारात आतड्यांमध्ये घडते. अन्न पुढे ढकलण्यासाठी आतड्याच्या भिंतीत सतत लाटांसारखे आकुंचन-प्रसरण चालू असते. काही कारणाने भिंतीचा एखादा भाग फुगीर झाला तर ही लाट त्या भागालाच पुढे ओढते व तो पुढच्या आतड्याच्या पोकळीत शिरतो. बालकांमध्ये बहुतेक वेळा लहान आतड्याचा शेवटचा भाग मोठ्या आतड्यात शिरतो. हे ठिकाण पोटाच्या उजव्या बाजूस, खालच्या भागात असते.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. आतडे एकटे आत जात नाही. त्याला रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्या ज्या पातळ पडद्यातून येतात, तो पडदाही सोबत ओढला जातो व दोन थरांमध्ये चेंगरतो. प्रथम अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या, मऊ भिंतीच्या शिरा दाबल्या जातात. रक्त येत राहते, परंतु परत जात नाही. परिणामी आतड्याला सूज येते, आतील अस्तरातून रक्त व चिकट स्राव झिरपू लागतो. सूज वाढली की रोहिण्याही दाबल्या जातात आणि आतड्याचा तो भाग रक्ताअभावी काळा पडून मृत होतो. पुढे त्यास छिद्र पडते, आतील घाण पोटाच्या पोकळीत पसरते व जंतुसंसर्ग सर्व शरीरात भिनतो. या टप्प्यांचा क्रम ठरलेला आहे. त्यांचा वेग मात्र प्रत्येक बालकात वेगळा असतो.

ग्रामीण भागात अशा आजाराचे वर्णन ‘आतड्याला पीळ पडला’ असे सरसकट केले जाते. शास्त्रीयदृष्ट्या पीळ पडणे हा निराळा आजार आहे. त्यात आतडे स्वतःभोवती दोरीसारखे फिरते. इंटससेप्शनमध्ये आतडे फिरत नाही, ते आत शिरते. हा भेद केवळ शब्दाचा नाही. शिरलेले आतडे बाहेरून हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने मागे ढकलता येते, हे पुढील उपचारांच्या विवेचनात दिसून येईल.

वयोगट व कारणे :

हा आजार कोणत्याही वयात होऊ शकतो. परंतु तो प्रामुख्याने तीन महिने ते तीन वर्षे या वयोगटात आढळतो आणि पाच ते सात महिन्यांच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. मुलींपेक्षा मुलांमध्ये तो अधिक दिसतो. जगभरातील अभ्यासांचा एकत्रित विचार करता एक वर्षाखालील दर एक लाख बालकांमागे वर्षाला सुमारे ७४ बालकांना हा आजार होतो, असा अंदाज मांडण्यात आला आहे. देशपरत्वे या प्रमाणात बराच फरक आढळतो.

बहुसंख्य बालकांमध्ये निश्चित असे एक कारण सापडत नाही. सर्दी-खोकला किंवा जुलाब यांसारख्या विषाणुजन्य आजारानंतर लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील लसिका ग्रंथी सुजतात व त्यांचाच फुगवटा पुढे ओढला जातो, असे मानले जाते. अॅडेनोव्हायरस या विषाणूचा याबाबत विशेष उल्लेख होतो. काही बालकांमध्ये, विशेषतः दोन-तीन वर्षांपुढील मुलांमध्ये, जन्मजात राहिलेली मेकेलची पिशवी, आतड्यातील कोंब किंवा क्वचित गाठ हे कारण असते. प्रौढांमध्ये हा आजार एकूण रुग्णांच्या सुमारे पाच टक्केच असतो. परंतु त्यामागे बहुतेक वेळा गाठीसारखे ठोस कारण असल्याने तेथे शस्त्रक्रियेचाच मार्ग प्रामुख्याने स्वीकारला जातो.

विशेष म्हणजे हा आजार होणारे बालक बहुधा आदल्या दिवसापर्यंत खेळते, हसते व बाळसेदार असते. त्यामुळे घरातील कोणाच्याही मनात गंभीर आजाराची शंका येत नाही.

ऐतिहासिक मागोवा :

आतड्याचा मार्ग बंद होण्याच्या अवस्थेची दखल भारतीय वैद्यकाने प्राचीन काळीच घेतली होती. सुश्रुतसंहितेत उदररोगांच्या विवेचनात ‘बद्धगुदोदर’ या अवस्थेचे वर्णन असून, पोट उघडून, आतडे बाहेर घेऊन व तपासून अडथळा दूर करण्याची आणि आतडे पूर्ववत ठेवून शिवण्याची प्रक्रिया सांगितली आहे. बद्धगुदोदर म्हणजेच इंटससेप्शन असे समीकरण मांडणे योग्य होणार नाही. तथापि आतड्याचा अवरोध औषधाने न सुटल्यास हाताने सोडवावा लागतो, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते.

युरोपात सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या पॉल बार्बेट यांनी या आजाराचे वर्णन केले. १८७१ मध्ये लंडनचे शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी दोन वर्षांच्या मुलीवर यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्यानंतर लवकरच, १८७६ मध्ये, डेन्मार्कचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हर्शस्प्रुंग यांनी गुदद्वारातून पाण्याचा दाब देऊन आतडे मागे सरकवण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. विसाव्या शतकात बेरियमचा वापर करून क्ष-किरणांच्या साहाय्याने ही क्रिया होऊ लागली. १९८६ मध्ये चीनमधील डॉक्टरांनी सहा हजारांहून अधिक बालकांवर हवेच्या दाबाने केलेल्या उपचारांचा अनुभव प्रसिद्ध केला व ही पद्धत जगभर रूढ झाली. म्हणजेच, गेल्या दीडशे वर्षांचा प्रवास हा बालकाच्या पोटावरील शस्त्र शक्य तितके टाळण्याचा प्रवास आहे.

लक्षणे व होणारी गल्लत :

या आजाराचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे रडण्याची विशिष्ट पद्धत होय. बालक अचानक किंचाळून रडू लागते, दोन्ही पाय पोटाशी घेते, चेहरा पांढरा पडतो. काही मिनिटांनी कळ थांबते व बालक शांत होते. काही वेळा खेळूही लागते. साधारण पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तशीच कळ येते. कळांमधील ही शांतता फसवी असते. आजी दृष्ट काढते, त्याच सुमारास कळ ओसरते आणि ‘उतारा पडला’ असे सर्वांना वाटते. ग्राइप वॉटर किंवा बाळगुटी दिल्यावरही हाच अनुभव येतो. आराम उपायामुळे पडत नाही, तो आजाराच्या स्वभावाचाच भाग असतो.

यानंतर उलट्या सुरू होतात. प्रथम दूध पडते, पुढे उलटी हिरवट-पिवळी होते. हिरवी उलटी हे बालकांमध्ये नेहमीच धोक्याचे चिन्ह समजावे. हळूहळू बालक मलूल होते, अंगावर पीत नाही, डोळे मिटून पडून राहते. काही बालकांमध्ये तर रडण्यापेक्षा ही सुस्तीच प्रमुख लक्षण असते व मेंदूच्या आजाराची शंका घेतली जाते. पोट तपासल्यास उजव्या बाजूस वरच्या भागात लांबट गोळा हाताला लागू शकतो. शेवटी रक्त व चिकट स्राव मिसळलेली, लाल जेलीसारखी शी होते.

पोटातील कळ, हाताला लागणारा गोळा व रक्तमिश्रित शी ही तीन लक्षणे पाठ्यपुस्तकांत एकत्र सांगितलेली असतात. प्रत्यक्षात निम्म्याहून कमी बालकांमध्ये ती एकाच वेळी आढळतात. लाल शी दिसेपर्यंत वाट पाहणे म्हणजे आतड्याला इजा होईपर्यंत वाट पाहणे होय.

येथेच सर्वांत मोठी गल्लत होते. शीमध्ये रक्त व चिकटपणा दिसला की ‘रक्ताची आव झाली’ असे समजून आवेचे औषध दिले जाते. आव असलेल्या बालकाला बहुधा ताप असतो, शी वारंवार व पातळ होते, मळ पडतच असतो. इंटससेप्शनमध्ये सुरुवातीच्या एक-दोन शीनंतर मळ जवळजवळ थांबतो. जे पडते ते केवळ रक्त व चिकट स्राव असतो, आणि सोबत उलट्या व पोटफुगी असते. जुलाब थांबवण्याची औषधे अशा वेळी देणे धोक्याचे आहे, कारण आजाराची लक्षणे त्यामुळे झाकली जातात. पोट जोराने चोळणेही टाळले पाहिजे.

निदान :

या आजाराच्या निदानासाठी आज सोनोग्राफी ही सर्वांत विश्वासार्ह तपासणी मानली जाते. अनुभवी डॉक्टरांच्या हातून केलेल्या सोनोग्राफीत क्वचितच एखादा रुग्ण नजरेतून सुटतो. आडव्या छेदात आतड्याची एकात एक अशी वर्तुळे नेमबाजीच्या लक्ष्यासारखी दिसतात, तर उभ्या छेदात मूत्रपिंडासारखा आकार दिसतो. या तपासणीत किरणोत्सर्ग नसतो व बालकाला वेदना होत नाहीत. साध्या क्ष-किरण चित्रात आतड्यातील अडथळा किंवा छिद्र पडल्याने बाहेर आलेली हवा दिसू शकते. परंतु ते चित्र सामान्य आले म्हणून इंटससेप्शन नाही असे म्हणता येत नाही. प्रौढांमध्ये प्रामुख्याने सीटी स्कॅनचा आधार घेतला जातो.

सोनोग्राफीचा उल्लेख आला की बीड जिल्ह्याला एक कटू संदर्भ आठवतो. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली आढळल्या आणि गर्भलिंग निदानासाठी झालेल्या या यंत्राच्या गैरवापरावर राज्यभर चर्चा झाली. त्यामुळे या यंत्रावर कायद्याचे कठोर नियंत्रण आहे व ते आवश्यकच आहे. परंतु त्याच यंत्राचा खरा उपयोग कोणता, हे या आजाराच्या निमित्ताने समाजापुढे यावयास हवे. मुलगा असो वा मुलगी, कळांनी विव्हळणाऱ्या बालकाच्या पोटात काय घडते आहे, हे काही मिनिटांत सांगणारे ते साधन आहे.

उपचार :

उपचारांचा पहिला टप्पा बालकाला स्थिर करण्याचा असतो. तोंडाने काहीही न देणे, शिरेतून सलाइन देऊन शरीरातील पाणी व क्षार भरून काढणे, नाकातून नळी घालून पोटातील साठलेले द्रव बाहेर काढणे आणि गरजेनुसार प्रतिजैविके देणे या बाबी त्यात येतात. या सर्व गोष्टी मोठ्या शहराची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात सुरू करता येतात. पुढील प्रवास बालकाला सुरक्षित होण्याच्या दृष्टीने हा टप्पा निर्णायक ठरतो.

दुसरा टप्पा आतडे मागे सरकवण्याचा होय. बालकाच्या गुदद्वारातून नळी घालून हवा किंवा कोमट सलाइन नियंत्रित दाबाने आत सोडले जाते. हवेचा दाब सामान्यतः १२० मिलिमीटर पाऱ्यापेक्षा अधिक होऊ दिला जात नाही; सलाइनची बाटली साधारण तीन फूट उंचीवर ठेवली जाते. क्ष-किरणांच्या पडद्यावर किंवा सोनोग्राफीत पाहत असताना शिरलेले आतडे हळूहळू मागे सरकते आणि शेवटी हवा किंवा पाणी लहान आतड्यात मोकळेपणाने जाताना दिसते. अनुभवी केंद्रांत, वेळेवर आलेल्या बालकांपैकी पाचांत चार किंवा त्याहून अधिक बालके या पद्धतीने बरी होतात. आतड्याला छिद्र पडण्याची शक्यता असते, परंतु ती शंभरात एकापेक्षा कमी आहे. तरीही शल्यचिकित्सक सज्ज असल्याशिवाय ही क्रिया केली जात नाही. आतड्याला आधीच छिद्र पडले असेल, पोटात जंतुसंसर्ग पसरला असेल किंवा बालक अत्यवस्थ असेल तर ही पद्धत वापरता येत नाही.

तिसरा टप्पा शस्त्रक्रियेचा. पोट उघडून किंवा दुर्बिणीद्वारे शिरलेले आतडे पुढच्या टोकाकडून अलगद दाबत मागे ढकलले जाते. ते ओढून काढायचे नसते, कारण सुजलेले आतडे ओढल्यास फाटते. आतडे काळे पडले असेल तर तेवढा भाग काढून निरोगी टोके जोडावी लागतात. ही शस्त्रक्रिया आज सुरक्षितपणे होते. तथापि सहा-सात महिन्यांच्या जिवासाठी ती मोठीच असते.

शस्त्रक्रियेविना बरे झालेल्या बालकांपैकी सुमारे दहा टक्के बालकांमध्ये हा आजार पुन्हा उद्भवतो. म्हणून घरी सोडताना लक्षणांची पुनरावृत्ती झाल्यास तत्काळ परत येण्याची सूचना पालकांना स्पष्ट शब्दांत देणे आवश्यक असते.

रोटाव्हायरस लस व इंटससेप्शन :

या आजाराचा एक पैलू लसीकरणाशी निगडित आहे व त्याविषयी अर्धवट माहिती पसरण्याची शक्यता असते. अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये ‘रोटाशील्ड’ या रोटाव्हायरसविरोधी लसीला परवानगी मिळाली. ती घेतलेल्या बालकांमध्ये इंटससेप्शनच्या नोंदी वाढल्याचे दिसताच जुलै १९९९ मध्ये तिचा वापर थांबवण्यात आला व त्याच वर्षी ती बाजारातून मागे घेण्यात आली. हा अतिरिक्त धोका दर दहा हजार बालकांमागे सुमारे एक इतका होता. त्यानंतरच्या लसींची चाचणी प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बालकांवर घेण्यात आली, ती या पूर्वानुभवामुळेच.

भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नवजात बालकांमध्ये आढळलेल्या विषाणूच्या ११६ ई या वाणापासून ‘रोटाव्हॅक’ ही लस तयार झाली. या कार्यात डॉ. महाराज किशन भान यांचा वाटा मोठा होता. तिची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी दिल्ली, वेल्लोर व पुणे जिल्ह्यातील वढू येथे ६,७९९ बालकांवर झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लस दिलेल्या ४,५३२ बालकांपैकी सहा व लस न दिलेल्या २,२६७ बालकांपैकी दोन बालकांना इंटससेप्शन झाले. दोन्ही गटांच्या आकारमानाचा विचार करता हा फरक अर्थपूर्ण नव्हता. २०१६ पासून काही राज्यांत ही लस राष्ट्रीय लसीकरणात समाविष्ट झाल्यावर २७ रुग्णालयांत पाळत ठेवण्यात आली. एप्रिल २०१६ ते जून २०१९ या काळात इंटससेप्शन झालेल्या ९७० बालकांची नोंद झाली. त्यांपैकी ५८९ बालकांच्या विश्लेषणात लस आणि आजार यांचा संबंध आढळला नाही. महाराष्ट्रात रोटाव्हायरस लसीचा समावेश २०१९ मध्ये झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ‘रोटासिल’ ही लस विकसित केली आहे.

काही विकसित देशांत नव्या लसींनंतरही दर लाखामागे एक ते सहा इतका अल्प अतिरिक्त धोका नोंदवला गेला आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु लस येण्यापूर्वी रोटाव्हायरसच्या जुलाबांमुळे भारतात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ७८ हजार बालके दगावत असा अंदाज होता. या दोन आकड्यांची तुलना केल्यास लसीचे पारडे निःसंशय जड ठरते.

वेळापत्रकाचे महत्त्व येथे लक्षात येते. ही लस सहा, दहा व चौदा आठवडे या वयात दिली जाते. इंटससेप्शनचे नैसर्गिक प्रमाण त्यानंतरच्या महिन्यांत वाढते. मात्रा वेळेवर पूर्ण झाल्यास लसीचा काळ व आजाराचा काळ एकमेकांपासून बऱ्याच अंशी अलग राहतात. शिवाय जुलाबांपासूनचे संरक्षणही लवकर सुरू होते.

गेवराई तालुक्याचा संदर्भ :

गेवराई हा गोदावरीच्या दक्षिणेस, धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर वसलेला बीड जिल्ह्यातील तालुका आहे. महामार्गाने दक्षिणेकडे बीडचे जिल्हा रुग्णालय तीस-पस्तीस किलोमीटरवर, तर उत्तरेकडे छत्रपती संभाजीनगरचे ‘घाटी’ या नावाने परिचित असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अंतर पाहता हा प्रवास काही तासांचाच आहे. मग विलंब कोठे होतो?

तलवाडा, चकलांबा, उमापूर किंवा जातेगाव परिसरातील एखाद्या वस्तीवरील घराचे उदाहरण कल्पनेने घेता येईल. सात महिन्यांचे बालक दुपारी रडू लागते. सायंकाळपर्यंत दृष्ट, गुटी व चोळणे होते. रात्री उलट्या होतात. सकाळी गावातील डॉक्टर अपचनाचे औषध देतात. दुसऱ्या दिवशी शीमध्ये रक्त दिसते तेव्हा आवेचे औषध सुरू होते. तिसऱ्या दिवशी पोट फुगल्यावर गेवराई, तेथून बीड, तेथून संभाजीनगर असा प्रवास सुरू होतो. या तीन दिवसांपैकी रस्त्यावर गेलेले तास थोडे आहेत. बहुतेक वेळ आजार न ओळखल्यामुळे, किंवा भलताच आजार समजल्यामुळे गेला आहे.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात व पाडव्याच्या आगेमागे परततात. तान्ही मुले आईसोबतच असतात. पहाटे फडावर जाणारी आई बाळाला झोळीत किंवा मोठ्या भावंडाजवळ ठेवते. पंधरा-वीस मिनिटांनी येणाऱ्या कळा मोजायला, उलटीचा रंग पाहायला जवळ कोणी जाणते माणूस नसते. दवाखान्यात जायचे तर दोघांचा कोयता थांबतो, खाडा पडतो, उचल फिटायची असते, मुकादमाला विचारावे लागते आणि मुलूख परका असतो. कळ थांबली की ‘बरे वाटतेय’ या समजुतीवर आणखी एक दिवस जातो. अन्य कोणत्याही घराला परवडणार नाही असा हा दिवस या घराला आजाराने नव्हे, तर कामाच्या रचनेने गमवावा लागतो.

याच काळात लसीच्या मात्रा चुकण्याचाही धोका असतो. भाद्रपद-आश्विनात जन्मलेल्या बालकाचे सहा, दहा व चौदा आठवडे हे नेमके स्थलांतराच्या हंगामात येतात. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असल्यास कोणत्याही शासकीय आरोग्य केंद्रात पुढील मात्रा मिळू शकते, ही माहिती कुटुंबाला निघण्यापूर्वी असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

उपाययोजना :

१) चार बाबी प्रत्येक मातेपर्यंत पोहोचाव्यात : थांबून थांबून येणारी कळ, हिरवी उलटी, असामान्य सुस्ती व शीमध्ये रक्त. यांपैकी कोणत्याही दोन बाबी एकत्र दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

२) आशा व अंगणवाडी कार्यकर्तींच्या प्रशिक्षणात आव आणि इंटससेप्शन यांतील फरकाचा समावेश व्हावा. गावातील खाजगी डॉक्टरांनाही त्यात सहभागी करून घ्यावे.

३) शंका आल्यास बालकाला तोंडाने काही न देता, सलाइन सुरू करून, सोनोग्राफी व बालशल्यचिकित्सा या दोन्ही सोयी असलेल्या रुग्णालयात थेट पाठवावे. प्रत्येक टप्प्यावर थांबत जाण्यापेक्षा आधी दूरध्वनीने खात्री करून घ्यावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक, तर एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकांसाठी १०२ हा क्रमांक उपलब्ध आहे. खर्चाच्या भीतीने थांबलेल्या कुटुंबाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती द्यावी.

४) महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरे बहुधा हिवाळ्यात दत्तक गावांत होतात. ऊसतोड कुटुंबांची घरे तेव्हा कुलूपबंद असतात. ज्या मातांना या माहितीची सर्वाधिक गरज आहे, त्याच त्या वेळी गावात नसतात. आरोग्य प्रबोधनाचा कार्यक्रम दसऱ्यापूर्वी घेतल्यास ती माहिती फडापर्यंत सोबत जाईल.

समारोप :

इंटससेप्शन हा विरळ आजार आहे आणि त्याच्या विरळपणातच त्याचा धोका दडलेला आहे. गावातील डॉक्टरांच्या पाहण्यात तो वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी येतो, तर ज्या मातेच्या पदरी तो येतो तिच्यासाठी तो पहिलाच असतो. त्याच्या निदानाला लागणारी सोनोग्राफी आणि उपचाराला लागणारी हवा किंवा सलाइन ही साधने दुर्मीळ राहिलेली नाहीत. दुर्मीळ आहे ती पहिल्या दिवशी येणारी शंका. ती शंका मातेच्या, आशा कार्यकर्तीच्या किंवा गावातील डॉक्टरांच्या मनात वेळेवर यावी, एवढीच या आजाराच्या उपचाराची पहिली अट आहे. वैद्यकशास्त्राने बालकाच्या पोटावरील शस्त्र टाळण्याचा मार्ग दीडशे वर्षांपूर्वीच शोधला. तो मार्ग वस्तीवरील घरापर्यंत व उसाच्या फडापर्यंत नेण्याचे काम शिक्षण क्षेत्रालाही उचलता येण्यासारखे आहे.